गुडघ्यांचं दुखणं

‘काका, तुम्ही जरा बाहेर थांबता का? मला एकट्या काकूंशी बोलायचंय,’ असं ती फोनमधली पोरगी म्हणाली आणि आमच्या ह्यांचा चेहरा असा झाला, जणू आमच्या कापडाच्या दुकानात कुणी त्यांच्या हातातला तागाच ओढून घेतला. लग्न होऊन मी बुधवाऱ्यातल्या ह्या घरात आले तेव्हापासून, आम्हा दोघांपैकी ह्यांना कुणी बाहेर जा म्हटलेलं मी पाहिलेलं नाही. बाहेर जायची पाळी माझी असते. जमिनीचं बोलणं निघालं की मी आत, सोयरीक निघाली की मी चहा टाकायला. ह्यांनी फोनकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग परत फोनकडे. ‘अहो पण मला विचारा ना, मीच सांगतो सगळं,’ ते म्हणाले. ‘सांगितलंत काका, छान सांगितलंत. आता पाच मिनिटं काकूंना द्या,’ ती म्हणाली. आवाज गोड, पण मागं हटणारा नाही. हे उठले, पंचा खांद्यावर टाकला, घरात चपला घालू देत नाहीत कुणाला, पण स्वतः चपला सरकवल्या आणि पडदा बाजूला करून गॅलरीत गेले. मी पलंगावर त्यांच्या जागी सरकून बसले. समोर तुरीच्या डाळीच्या डब्याला फोन टेकवून ठेवलेला, त्यात ती डॉक्टर, आणि खाली कोपऱ्यात एका बारक्या चौकटीत मी. आज पहिल्यांदा त्या चौकटीत मी पूर्ण मावले होते.

ही डॉक्टर आमच्या ललितनं फोनमध्ये घालून दिली. ललित म्हणजे आमचा मुलगा, तो आणि सून मोनाली इंदूरला असतात. पूर्वी ह्यांची बीपीची गोळी बदलायची म्हटलं तरी इंदूर करावं लागायचं, म्हणजे पहाटेची बस, घाटात माझ्या उलट्या, आणि तिथं पोचल्यावर डॉक्टर दोन मिनिटं बघणार. ललित म्हणाला, आई, आता घरी बसून दाखवा, औषध खालच्या मेडिकलवर मिळतंय. हे आधी म्हणाले, नाडी न धरता कसला डॉक्टर. पण एकदा बोलायला लागले आणि त्यांना ती पोरगी फार आवडली, कारण ती ऐकून घेते. हिचं नाव अमृता. इंदूरच्या मराठी घरातली आहे, मध्येच ‘देखिये’ म्हणते, मध्येच ‘अगं बाई’ म्हणते. दर महिन्याला हे अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून फोनसमोर बसतात. यंत्राचा पट्टा दंडाला बांधून आकडा वाचून दाखवतात, मग झोप, मग पोट, मग राजकारणावर येतात, मग ती हसत हसत त्यांना परत पोटावर आणते. सगळं झालं की म्हणतात, आता हिचं लिहून घ्या. ही म्हणजे मी. मी बाजूला बसलेली असते, चित्रात माझा एक कान आणि कानातलं येतं. माझं सगळं हेच सांगतात. भूक कमी आहे, झोप बरी आहे, चिडचिड करते. दुकानातही त्यांचं असंच. बाईनं पायरीवर पाय ठेवायच्या आत हे तागा उलगडून बसलेले असतात, तुम्हाला अस्तराला आकाशीच लागेल म्हणून. आणि बायकाही तोच घेऊन जातात, हे त्यातलं खरं. मला त्याचा राग येत नाही असं नाही. पण इतक्या वर्षांचा राग रोज उठून कोण उकळत बसणार.

तर मागच्या कितीतरी महिन्यांपासून माझं दुखणं म्हणजे गुडघे. ते ह्यांनीच फोनवर सांगितलं, आणि ह्यांना मी सांगितलं होतं. आता हे गुडघे कुठून आले ते सांगते. पोळ्याच्या आसपासची गोष्ट. सकाळी बाथरूममध्ये मला डाग दिसला. माझी पाळी जाऊन आठ-नऊ वर्षं झालेली. गेली तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले होते, जुन्या साड्यांच्या घड्या करून ठेवलेल्या त्या भांडेवालीला देऊन टाकल्या आणि सुटले म्हटलं. आणि आता ही बया परत दारात. मला घाबरायला व्हायला हवं होतं, पण खरं सांगते, आधी लाज वाटली. नातवाची मुंज करायच्या वयात हे काय. मी अंघोळ केली, चहा केला, भाजी चिरली, सगळं केलं. आणि देवघरासमोर येऊन थांबले. आमचं देवघर खाली आहे, पाटावर बसून पूजा करावी लागते. हात पुढे जाईना. मोनाली म्हणते, देवाला काय कळतंय आई, ते सगळं जुनं झालं. देवाला नसेल कळत, माझ्या हाताला कळतं. दापोऱ्यात माहेरी मी तशीच वाढले, चार दिवस देवाजवळ जायचं नाही, बाकी शेतात जा, केळीचे घड उचल, त्याला काही नाही. आता ह्यांना काय सांगू? मी बाजूला आहे असं सांगू? ह्या वयात? हे आधी हसतील, मग खोदून विचारतील, मग संध्याकाळपर्यंत ललितला फोन, मोनालीला फोन. मी म्हटलं, अहो, गुडघे फार धरलेत, खाली बसवत नाही, आज दिवा तुम्हीच लावा. बस. तिथून गुडघे सुरू झाले.

मग चार दिवस झाले, थांबलं. मी पूजा करायला लागले. मग परत आलं, परत गुडघे. ह्यांनी फोनवर सांगितलं, तिनं कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या, खुर्चीवर बसून पाय सरळ करायचा एक व्यायाम दिला. मी गोळ्या घेतल्या. व्यायामही केला, ह्यांच्यासमोर, मोजून. आणि ह्यांनी तेल सुरू केलं. तिळाचं तेल गरम करायचं, त्यात लसणाच्या दोन पाकळ्या टाकायच्या, दुकान बंद करून आले की हे खाली पाटावर बसून माझे गुडघे चोळायचे. पहिल्या दिवशी मी नको नको म्हटलं. ह्यांच्या हाताला कापडाच्या खळीचा वास, त्यात लसूण. चोळता चोळता दुकानातलं सांगायचे, आज अमकी आली होती, तमक्यानं ताग्यात कसा घोळ घातला. माझ्या धडधाकट गुडघ्यांना तेल लावत बसलेल्या ह्या माणसाकडे मी वरून बघायचे, टक्कल दिसायचं, आणि वाटायचं, आता सांगून टाकावं. पण सांगायची हिंमत आणखीनच गेली. कारण मला ते आवडायला लागलं होतं. बाळंतपणातसुद्धा माझ्या पायाला कुणी असा हात लावला नव्हता. आता म्हणावं काय, की गुडघ्यांना काही नाही, तुम्ही उगाच तेल जाळताय? मग मी दुखत नसलेल्या दिवशीही जरा लंगडायला लागले. आपण आपल्याच नाटकात इतके शिरतो, की एकदा खरंच जिन्यावर गुडघा कटकन वाजला.

आणि आज काय झालं, तर ह्यांचीच जीभ. डॉक्टरनं विचारलं, काकूंचे गुडघे कसे आहेत? हे सरसावून बसले. ‘डॉक्टर, फार विचित्र दुखणं आहे बघा. चार दिवस दुखतात, मग एकदम बंद. मग ही गच्चीवर पापड घालते, जिना पोरीसारखा चढते. पंधरा दिवस जातात न जातात, परत दुखून राहिले. आणि दुखले तरी स्वयंपाक करते, बाजारात जाते, खाली बसून धुणं सुद्धा धुते. मी म्हटलं, अगं धुण्याला बसवतं तर देवाजवळ का नाही बसवत? तर नाही. तेवढं नाही. देवपूजा माझ्याकडे.’ हे हसले. त्यांना वाटलं, बायकोच्या कामचुकारपणाची एक गंमत सांगितली. मी चित्रातल्या माझ्या कानाकडे बघत होते. डॉक्टर हसली नाही. ती काहीतरी लिहीत होती, ते थांबलं. तिनं मान वर केली आणि ह्यांच्याकडे नाही, माझ्या कानाच्या दिशेनं बघितलं. तेव्हाच मला समजलं, की हिला समजलं. इंदूरची असली, डॉक्टर झाली, तरी तिच्याही घरात कुणी आई, आजी, आत्या असणारच चार दिवस देवापासून लांब बसलेली. दुसऱ्या कुणा डॉक्टरला ते वाक्य नुसतं हवेतून गेलं असतं. मग तिनं ह्यांना बाहेर जायला सांगितलं.

आता गॅलरीत ह्यांच्या चपलांचा आवाज येत होता. इकडून तिकडे, तिकडून इकडे. खाली रस्त्यावर केळीच्या पाल्याचा ट्रॅक्टर अडकला होता आणि मागचे हॉर्न वाजवत होते. डॉक्टर वाट बघत होती. मी इतकी बोलकी बाई, गल्लीतल्या कुणाला तोंडातून शब्द काढू देत नाही, भाजीवाला माझ्याशी घासाघीस करत नाही, भजनी मंडळात मालूबाई माझ्यासमोर सूर लावायला दबकते. आणि इथं तोंड उघडेना. मला एकदम आई आठवली. माझी आई, गोदाबाई, दापोऱ्याची. आई कधी डॉक्टरला दिसलीच नाही. तिचं काही दुखलं की अण्णा, माझे वडील, सायकल काढायचे, इथं शहरात लालबागला डॉक्टरकडे जायचे, बाकावर बसायचे, नंबर आला की आईचं दुखणं सांगायचे आणि पुडीत गोळ्या घेऊन यायचे. आई दारात उभी. काय म्हणाले डॉक्टर? पोटात वारा धरतो म्हणाले, भात कमी खा. आईनं भात कमी केला. मग पोळी कमी केली. मग काहीच जाईना. गेल्यावर बायका अंघोळ घालताना एकमेकींकडे बघून म्हणाल्या, पोटात केवढा गोळा आहे. मी तिथं पाण्याची बादली घेऊन उभी होते. अण्णांनी मुद्दाम केलं नाही हो. त्यांना जेवढं कळलं तेवढं त्यांनी सायकलवरून नेलं. आणि मला वाटलं, माझंही तेच चाललंय की. सायकल गेली, फोन आला. डॉक्टर माझ्या पलंगापर्यंत येऊन बसली आणि मी अजून दारातच उभी.

‘काकू,’ ती म्हणाली, ‘तुम्हाला सांगायला जड जात असेल तर मी विचारते, तुम्ही फक्त हो किंवा नाही म्हणा. त्या दिवसांत अंगावर जातं का?’

मी पडद्याकडे बघितलं. चपला थांबल्या होत्या. ‘हो,’ मी म्हटलं.

‘पाळी पूर्ण बंद झाली होती ना? किती वर्षं?’

‘झाली की आठ-नऊ.’

‘आणि हे कधीपासून?’

‘पोळ्यापासून.’

आता होळी तोंडावर आली होती, तिनं मनात महिने धरले असतील. मग ती एकेक विचारत गेली. डाग की जास्त? गाठी पडतात? पोटात दुखतं? वजन उतरलं? मी सांगत गेले. एकदा सुटल्यावर काही वाटेना, पापडाचं प्रमाण सांगावं तसं सांगत गेले. वजनाचं विचारल्यावर मी म्हटलं, ब्लाउज सैल झालेत, मला वाटलं कॅल्शियमनं. ती हसली नाही. म्हणाली, ‘काकू, आता मी सरळ बोलते. पाळी गेल्यावर परत अंगावर जाणं ही साधी गोष्ट धरायची नसते. पुष्कळदा किरकोळ काही निघतं. पण किरकोळ आहे हे तपासल्याशिवाय कुणी सांगू नये, मीही नाही. हे फोनवर होणारं काम नाही. तिथं जाऊन बायकांच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं, सोनोग्राफी करायची, लागलं तर आतला छोटा तुकडा काढून तपासायला पाठवतील. ह्याच आठवड्यात. होळी झाल्यावर नाही.’ मी म्हटलं, पापड अर्धे राहिलेत. ती म्हणाली, राहू देत. कुणाला सांगितलंय का तुम्ही? मी म्हटलं, तुलाच. डॉक्टरला मी अगं-तुगं केलं हे मला नंतर कळलं. ती म्हणाली, काकांना सांगा, एकट्या जाऊ नका. मी म्हटलं, तूच सांग ना बाई, तुझं ऐकतात ते. ती तयार होती. बोलवा त्यांना, म्हणाली. आणि मी हाक मारायला तोंड उघडलं, तेव्हा डोळ्यांपुढं आलं, हे खांद्यावर पंचा टाकून ह्या डब्यासमोर उभे आहेत आणि माझ्या अंगाची गोष्ट त्यांना फोनमधून कळून राहिली. मला ते सहन झालं नाही. इतकी वर्षं माझं सगळं त्यांनी दुसऱ्याला सांगितलं, आता माझं हे दुसऱ्यानं त्यांना सांगायचं? मी म्हटलं, नको. मी सांगते. ‘आजच,’ ती म्हणाली. आजच, मी म्हटलं. ती गेली आणि फोनमध्ये नुसता अंधार झाला.

गॅलरीत हे कठड्याला टेकून उभे होते. मला वाटलं होतं, तोंड फुगवलेलं असेल, पण नव्हतं. ‘काय म्हणत होती इतका वेळ?’ त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ‘माझ्या गुडघ्यांना काही झालेलं नाही.’ ते म्हणाले, ‘मग?’ मी सांगितलं. आडून आडून नाही, जसं तिला सांगितलं तसंच. खाली रस्त्याकडे बघत सांगितलं, एवढंच. ते गप्प. आमच्या ह्यांना गप्प बसलेलं फार कमी जणांनी पाहिलंय, सासूबाई गेल्या तेव्हासुद्धा ते येणाऱ्या-जाणाऱ्याला हकीकत सांगत होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘म्हणजे मी रोज तेल लावत होतो ते...’ मी म्हटलं, ‘ते मला हवं होतं.’ त्यांनी मान हलवली. त्या हलवण्यात राग होता की दुसरं काही, मला कळलं नाही. ‘मला एका शब्दानं बोलायचं होतंस,’ ते म्हणाले. ‘तुम्ही कधी माझा शब्द पुरा होऊ दिला?’ मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, पण निघून गेलं. खाली जाऊन त्यांनी दुकान उघडलं आणि एक बाई आली तिला विचारलं, काय दाखवू? मी जिन्यात उभी राहून ऐकलं. बाईसुद्धा गोंधळली असेल. संध्याकाळी वर आल्यावर देवघराजवळ उभे राहून, माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘आज आहे का?’ मी म्हटलं, आहे. त्यांनी दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी आम्ही सरकारी दवाखान्यात गेलो. बायकांची डॉक्टर तिथं त्याच वारी बसते. आत नाव नोंदवून पर्ची घ्यायची रांग, बायका, पोरं, आजारी म्हातारे, उन्हाचा घामट वास. ह्यांनी मला भिंतीशी उभी राहा म्हटलं, पण मी त्यांच्या मागंच राहिले. आमच्या मागं बुधवाऱ्यातलाच धर्मेंद्र येऊन उभा राहिला, आमच्या समोरचं कापडाचं दुकान त्याचं, बोटाला पट्टी बांधून आलेला. त्यानं ह्यांना हात केला, काय मधुकरभाऊ, इकडे कसे? हे म्हणाले, आलो. एवढंच. मी मनात म्हटलं, झालं, आता गुडघेच निघणार. हे धर्मेंद्रसमोर बोलणार नाहीत आणि मी त्यांना दोष देऊ शकणार नाही. नंबर आला. खिडकीतल्या माणसानं मान खाली ठेवूनच विचारलं, ‘क्या तकलीफ है?’ ह्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. मी सांगणार होते, शप्पथ, ओठ हलले होते. पण ते परत वळले आणि हलकं काहीतरी पुटपुटले. ‘क्या? ज़ोर से बोलो बाबूजी, पंखा चल रहा है.’ मग आमचे हे वाकले, खिडकीच्या भोकाशी तोंड नेलं, आणि रस्त्यापलीकडच्या गिऱ्हाइकाला हाक मारायचा त्यांचा जो आवाज आहे, त्या आवाजात म्हणाले, ‘इसका महीना बंद हुए आठ-नौ साल हो गए. पोले से फिर खून जा रहा है. वज़न भी उतरा है. औरतों वाली डॉक्टर को दिखाना है, आज ही.’

धर्मेंद्र छताकडे बघायला लागला. मला वाटलं होतं, असं कधी झालं तर मी लाजेनं मरून जाईन. तसं काही झालं नाही. लाज आलीच नाही. ह्यांनी कधी कुठली गोष्ट आपली फोडणी घातल्याशिवाय सांगितलेली नाही. ही त्यांनी आहे तेवढीच सांगितली, एक शब्द वाढवला नाही, एक गाळला नाही. तेव्हा मला कळलं, की हे खरं आहे. माझ्याजवळ होतं तोवर ते म्हणजे कपडे, साबण, दिवा, तेल, असलं काहीतरी होतं, घरातलं, आवरून ठेवण्यासारखं. त्यांच्या तोंडून निघालं आणि तो आजार झाला. पोळ्यापासून मला लाज वाटली होती, राग आला होता, गंमतही वाटली होती. भीती आता वाटली. खिडकीतला माणूस नाव विचारत होता, वय विचारत होता, हे सांगत होते. मी पुढं होऊन त्यांचा सदरा मागून मुठीत धरला आणि डॉक्टरच्या खोलीपर्यंत सोडला नाही.